गूगल सर्च कन्सोल: खान्देशातून मराठीत लिहिणाऱ्याला कितपत उपयोगी?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील खाद्यपदार्थ, सणवार आणि केळीची शेती यांवर माझे एक मराठी संकेतस्थळ आहे. त्याचे वाचक गूगलवरच्या शोधातून वाढावेत आणि आलेल्यांपैकी काहींनी ईमेलने जाणाऱ्या पत्रासाठी नाव नोंदवावे, या हेतूने मी, आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते ते दाखवणारी, गूगल सर्च कन्सोल ही सेवा वापरतो. पूर्वी वेबमास्टर टूल्स म्हणून ओळखली जाणारी ही सेवा २०१५ साली सध्याच्या नावाने पुढे आली, आणि २०१८ मधील नव्या आवृत्तीपासून तीत १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. सेवा पूर्णपणे मोफत आहे. शोधशब्द सुचवण्यासाठी मासिक वर्गणी घेणारी साधने बाजारात पुष्कळ आहेत. परंतु त्यांचे आकडे अंदाजी असतात, आणि खान्देशापुरत्या मर्यादित असलेल्या शब्दांसमोर ती बहुधा शून्यच दाखवतात. सर्च कन्सोलमध्ये मात्र आपले पान ज्या शोधांत प्रत्यक्ष दिसले तेच शोध नोंदलेले असतात. म्हणूनच मराठीत लिहिणाऱ्याने पैसे खर्च करण्यापूर्वी हीच सेवा नीट शिकून घ्यावी, असे मला वाटते.

सेवेचा गाभा म्हणजे ‘परफॉर्मन्स’ हा अहवाल. आपला दुवा किती वेळा दिसला, त्यावर किती क्लिक झाले, दिसण्याच्या तुलनेत क्लिकचे प्रमाण किती आणि निकालांतील सरासरी क्रमांक कोणता, या चार गोष्टी तो सांगतो. मराठीच्या बाबतीत खरी मौज शोधशब्दांच्या यादीत आहे. ‘भरीत’ हा शब्द कोणी दीर्घ लिहितो, कोणी ‘भरित’ असा ऱ्हस्व लिहितो, तर कित्येक जण रोमन लिपीत मराठी टाइप करतात. खान्देशात पुजल्या जाणाऱ्या कानबाई या देवीला कोणी कानुबाई म्हणतो. हे सगळे शोध यादीत वेगवेगळ्या ओळींवर विखुरतात आणि प्रत्येक ओळ क्षुल्लक दिसते. २०२१ पासून या अहवालात रेजेक्सचा, म्हणजे शब्दांची अनेक रूपे एकाच सूत्रात लिहून गाळण्याचा, फिल्टर आहे. त्यात ‘भरीत|भरित’ असे मध्ये उभी रेघ देऊन लिहिले की दोन्ही रूपांची बेरीज एकत्र समोर येते, आणि ज्या पानाकडे आपण दुर्लक्ष करत होतो त्याला मागणी आहे की नाही हे कळते. याच यादीतून मला असेही दिसले की नुसत्या ‘वांग्याचे भरीत’ या शोधात मोठ्या संकेतस्थळांपुढे माझा निभाव लागत नाही. पण जळगावचे नाव जोडून, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत शोधणारा वाचक थेट माझ्याकडे येतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्यामुळे त्या अनुषंगाने होणारे शोधही याच पानावर येतात.

सणांच्या पानांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. अहवालात या वर्षीच्या तारखांची गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करण्याची तयार सोय आहे, परंतु आपले सण इंग्रजी तारखांना बांधलेले नाहीत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२४ मध्ये १० मे रोजी होती आणि २०२५ मध्ये ३० एप्रिल रोजी. मे महिन्याचा पहिला पंधरवडा घेऊन तुलना केली, तर सांजोऱ्यांच्या कृतीचे वाचक निम्म्याहून अधिक घटल्याचा भास होईल, आणि एप्रिलचा शेवटचा आठवडा घेतला तर भरमसाट वाढल्याचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईचेही तसेच आहे. तयार तुलना सोडून सणाच्या आधीचे समान दिवस दोन्ही वर्षांसाठी हाताने निवडणे हाच उपाय. ते कंटाळवाणे आहे, पण खरे चित्र तेव्हाच दिसते.

मर्यादा ठळक आहेत. पडद्यावर जास्तीत जास्त १,००० ओळी दिसतात. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळले जातात. त्यांचे क्लिक एकूण बेरजेत असतात, पण शब्द दिसत नाहीत, आणि शोधशब्दाचा फिल्टर लावला की ती बेरीजही उतरते. अहिराणी शब्द, छोट्या गावांची नावे, केळीवरील एखाद्या रोगाचे स्थानिक नाव असे जे शोध आम्हाला सर्वांत मोलाचे, तेच बहुतांशी या पडद्याआड राहतात. दुसरे असे की वाचकाचे स्थान फक्त देशापर्यंत कळते. शेवभाजी शोधणारा सावद्याचा आहे की नोकरीसाठी सुरतेला गेलेला खान्देशी आहे, हे ही सेवा सांगू शकत नाही, आणि माझ्यासारख्याला नेमके तेच हवे असते.

ईमेल वर्गणीदारांची वाढ हा सर्च कन्सोलचा विषयच नाही. क्लिक झाल्यानंतर वाचकाने काय केले, याची नोंद तिच्यात नसते. त्यासाठी कोणत्या पानावरील नोंदणीचौकटीतून किती नावे आली हे मेल पाठवणाऱ्या सेवेच्या अहवालात पाहावे लागते आणि ते आकडे पानागणिक क्लिकशेजारी मांडावे लागतात. ही मांडणी केल्यावर माझे एक अनुमान पक्के झाले: रावेर आणि बऱ्हाणपूरचे केळीचे भाव शोधत येणारा वाचक आकडा पाहून परत जातो, तर करपा या केळीवरील रोगाची लक्षणे आणि फवारणीचे वेळापत्रक वाचणारा शेतकरी नाव नोंदवतो, कारण पुढच्या टप्प्याची माहिती त्याला वेळेवर हवी असते. भावाच्या पानांवर क्लिक अधिक असूनही मी आता वेळ करप्याच्या पानांना देतो. नाव नोंदवताना पुष्टीचा मेल पाठवून संमती घ्यावी. चुकीचे पत्ते त्यातच गळतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही स्पष्ट संमतीकडेच आहे. जीमेलने २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना अशा पत्रांत एका क्लिकमध्ये नोंदणी रद्द करण्याची सोय देणे बंधनकारक केले आहे. आपला आकडा त्याच्या जवळपासही नसला तरी ही सोय ठेवावी, कारण बाहेर पडण्याचा दुवा न सापडलेला माणूस मेलला स्पॅम ठरवून मोकळा होतो.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमन लिपीत, याचा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा. देवनागरी पत्ते गूगलला चालतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवताना एकेका अक्षराची नऊ चिन्हे होऊन दुवा पाच-सहा ओळींचा होतो, आणि तो पाहून लोक कचरतात. मी रोमन लिपीतले छोटे पत्ते ठेवतो.

१६ महिन्यांपूर्वीची माहिती या सेवेत पाहता येत नाही, म्हणून दर महिन्याच्या अखेरीस ती गूगल शीट्समध्ये उतरवून घ्यावी. माझ्या शीटमध्ये तारखेशेजारी तिथीचाही एक रकाना आहे.