मे महिन्यात अंदमान की तारकर्ली?

ऐरोलीच्या भाच्याचा फोन आला. "मामा, मे अखेरची सुट्टी मिळालीय. अंदमान की तारकर्ली?" मी म्हटलं, हॉटेलवाल्यांचे निळेशार फोटो बाजूला ठेव, आधी समुद्र बघ.

पाऊस: मोसमी वारे अंदमानात साधारण 20 मेच्या सुमारास पोहोचतात, तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे मेअखेरीस तिकडे पावसाळा लागलेला, इकडे नुसता घाम.

वादळं: बंगालच्या उपसागरात अरबी समुद्राच्या जवळपास चौपट चक्रीवादळं होतात. नद्यांचं गोडं पाणी वर तरंगतं, खालच्या गार पाण्यात पटकन मिसळत नाही, त्यामुळे पृष्ठभाग तापलेला राहतो. पण अरबी समुद्राला गरीब समजू नकोस. 17 मे 2021ला तौक्ते मुंबईच्या बाहेरून गेलं, तेव्हा आमच्या वाशीच्या घरात स्लायडिंगच्या फटीतून पाणी आत येत होतं आणि मी जुने टॉवेल कोंबत बसलो होतो.

पाण्यात उतरणं: महाराष्ट्रात जलक्रीडा 26 मेपासून 31 ऑगस्टपर्यंत बंद. तारकर्लीत स्कूबा करायचं तर त्याआधीच. अंदमानात हॅवलॉक बेटाची बोट खवळलेल्या समुद्रामुळे रद्द झाली, तर पुढचं विमानही हुकतं.

खर्च: तुलनाच नको. तारकर्लीला ठाण्याहून रात्री कोकणकन्या एक्सप्रेस, सकाळी कुडाळ, तिथून पुढे तारकर्ली.

चारच दिवस असतील आणि सोबत आई असेल, तर 25 मेच्या आत तारकर्ली. अंदमानच हवं तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. मेमध्येच जायचा हट्ट असेल, तर परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेव.