शाडूचे सहा शनिवार: ठाण्यातल्या एका कार्यशाळेबद्दल

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. गोळ्या चालू आहेत, दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे जातो. (त्याला विचारूनच हे लिहिते आहे.) घरात मात्र त्या दिवसाबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. आई त्याला आग्रहाने पोळी वाढायची आणि विषय बदलायची. तेव्हा डॉक्टरांनीच नौपाड्यातली ही मातीकामाची कार्यशाळा सुचवली. सहा शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, बाराशे रुपये, शाडू त्यांचाच. बाराच जण घेतात आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, म्हणून नाव इथे देत नाही.

भाऊ आधी तयार नव्हता. "ताई, मला ठाण्याच्या हॉस्पिटलात नेतेस का?" असं त्याने विचारलं. आम्ही कळव्याचे, ठाण्याच्या शेजारचेच, तरी तो हे बोलला! 1901 पासूनचं मनोरुग्णालय गावात असलं की 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य लहानपणीच कानावर पडतं, आणि ते किती खोल रुतलंय ते अशा वेळी कळतं.

पहिल्या दिवशी अर्धा तास पडद्यावर माहिती दाखवली. 2022 साली महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या. तो आकडा वाचला आणि यात माझा भाऊ नाही, एवढंच मनात आलं. पुढचं बरंचसं डोक्यावरून गेलं. हा भाग दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी ठेवायला हवा, आलेली माणसं आधीच थकलेली असतात. एक गोष्ट मात्र त्यांनी स्वच्छ सांगितली. कलेचा आरोग्याला उपयोग होतो का, यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यास तपासून अहवाल दिला, उपयोग दिसतो. पण म्हणून मातीकाम उपचारांच्या जागी येत नाही. "गोळ्या बंद करून इथे येणार असाल तर येऊ नका," असं समुपदेशक ताई म्हणाल्या. त्यांच्यावर माझा विश्वास तिथेच बसला.

मग माती. शाडू वाळू लागला की कडेला बारीक भेगा पडतात. त्या बोटाने दाबल्या तर पुन्हा उघडतात. ओलं फडकं वरून ठेवून थांबायचं, मग अंगठ्याने हळूच सारवायचं. भाऊ एका वाटीच्या कडेशी तासभर झटत होता. हात गुंतले होते, नजर खाली होती, आणि मान वर न करता तो म्हणाला, "त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." मी हातातली माती खाली ठेवली नाही. ठेवली असती तर तो थांबला असता.

विचारलं की माणसाच्या डोक्यात नको ते शिरतं, अशी आमची समजूत होती. तसं होत नाही, 'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारावं, हे तिथे दोन-दोन जणांत बोलून करून घेतलं. आईलाही पाचव्या शनिवारी नेलं. पोलीस केसची तिला अजून धास्ती होती. 2017 च्या कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, शिक्षा नाही, काळजी घेणं हे सरकारचं काम, हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा मोकळी रडली.

मधे गटाच्या व्हॉट्सॲपवर एका काकांनी आत्महत्येच्या बातमीचं कात्रण टाकलं, सगळा तपशील असलेलं. ताईंनी ते लगेच काढलं आणि काकांना न दुखावता व्हिएन्नाची गोष्ट सांगितली: 1987 मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या भडक देणं थांबवलं आणि त्या रेल्वेतल्या आत्महत्या झपाट्याने कमी झाल्या.

तक्रारी दोन. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आईला दोनदा जिन्यात बसावं लागलं. आणि सहा शनिवार संपले की पुढे काहीच नाही. भाऊ सातव्या शनिवारी पाच वाजता चपला घालून उभा होता. महिन्यातून एक दिवस तरी हॉल उघडा ठेवा, असं मी त्यांना लिहून दिलंय.

ज्यांना आत्ता, या क्षणी असह्य होतंय त्यांनी कार्यशाळेची वाट बघू नये. 14416 ही टेलिमानसची हेल्पलाइन चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलतात. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर जावं. जाताना एक जुनं फडकं आणि रिकामा डबा न्या. वस्तू ओलीच घरी आणावी लागते, आणि आमच्या वाटीची एक कड कळव्याच्या पुलावर रिक्षात मोडली. भावाने ती रात्री पुन्हा बसवली.