उद्देशिका पाठ करून घ्यावी की वर्गात सुनावणी?

परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणायला दोन मिनिटं पुरतात आणि ती लवकर तोंडपाठही होते. पण 'दर्जाची व संधीची समानता' म्हणजे काय, असं विचारलं की वर्ग गप्प! पाठांतर वाईट नाही, शब्द कानावर असले की पुढचं सोपं जातं. मात्र तिथेच थांबू नये.

सातवी-आठवीला सुनावणी घ्या. दोन तासिका, तीन गट: तक्रारदार, प्रतिवादी, न्यायाधीश. प्रश्न ओळखीचा हवा. महापालिकेच्या उद्यानात वस्तीतल्या मुलांना फाटकावरच अडवलं, चालेल का? कलम १४ (कायद्यापुढे समानता) आणि १५ (भेदभावाला मनाई) यांची छापील प्रत प्रत्येक गटाला द्या. १५मधल्या मनाईच्या कारणांत धर्म, जात, लिंग आहे, गरिबी नाही. हे मुलांना स्वतः शोधू द्या, मग ती १४कडे वळतात. निकालात कलमाचा आधार लिहायलाच लावा, नाहीतर नुसता कलकलाट होतो.

एक गोंधळ हमखास होतो: 'आईने मोबाइल काढून घेतला, कलम १९ मोडलं!' भाषण-अभिव्यक्तीसारख्या स्वातंत्र्यांचं ते कलम मुख्यतः शासनाला बांधतं, घरातल्या शिस्तीला नाही. अस्पृश्यताबंदीचं कलम १७ मात्र शेजाऱ्यालाही लागू. फळ्यावर दोन रकाने आखून हा फरक दाखवा. पाठांतरातून तो कळत नाही.