कोस्टरचा साचा: आयता, टिनचा की प्लॅटिनमचा?

गोल, चौकोनी, षटकोनी किंवा अगेट दगडाच्या चकतीसारखा वेड्यावाकड्या कडांचा, यांपैकी रेझिनचा (ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकचा) कुठलाही कोस्टर, म्हणजे कपाखाली ठेवायची चकती, चालणार असेल तर साचा घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. हे आकार आयते मिळतात, चकचकीत मिळतात आणि तुमचा पहिला घरगुती साचा त्यांच्याइतका सफाईदार होणार नाही. रेझिनची हौस नवी असताना ‘साचाच बनवला तर किती पैसे वाचतील’ असं प्रत्येकाला एकदा वाटतं. मलाही वाटलं होतं. म्हणून आधी हिशेबच मांडते.

नेहमीचा कोस्टर १० सेंटिमीटर व्यासाचा आणि ८ मिलिमीटर जाडीचा धरू. त्यात सुमारे ६३ मिलिलिटर, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास रेझिन जातं. साच्याला चहूबाजूंनी एक सेंटिमीटर भिंत आणि तळाला ७ मिलिमीटर जाडी ठेवली, तर १२ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर उंच चकती होते. त्यातून कोस्टरची जागा वजा केली की उरतं १०७ मिलिलिटर. साचा ज्या रबरासारख्या सिलिकॉनचा ओततात ते पाण्यापेक्षा किंचित जड असतं, शिवाय भांड्याला चिकटून थोडं वाया जातंच. एका साच्याला १३० ग्रॅम धरा, म्हणजे किलोत सात साचे. समजा किलो १,५०० रुपयांना पडलं, तर साचा २१५ रुपयांना पडला. त्यावर मास्टर (ज्यावरून साचा घ्यायचा तो मूळ नमुना) कापून घेण्याचा खर्च, बारीक वजनाचा काटा आणि फसलेला पहिला साचा. पहिला बहुतेक फसतोच.

चार कोस्टरची एकच पाटी करावी असंही मनात येतं. ते महाग पडतं. चौकोनी पाटीत गोलांच्या मधली जागाही सिलिकॉनने भरावी लागते, त्यामुळे चार सुट्या साच्यांपेक्षा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास माल जास्त लागतो. एका कोपऱ्यात चीर गेली तर अख्खी पाटी बाद, हे वेगळंच.

तेव्हा साचा बनवायचा तो आकारासाठी. कुयरीचा कोस्टर, महाराष्ट्राच्या नकाशाचा कोस्टर, वारलीची पट्टी कडेने फिरवलेला कोस्टर, आडनाव कोरलेला कोस्टर. यातलं काही बाजारात हवं तसं मिळालं नाही, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

मास्टर आधी, सिलिकॉन नंतर

साच्यात ओतून काढलेली वस्तू आपल्याला नवी नाही. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी लाकडी साच्यात ओततात आणि त्या जरा खडबडीत निघाल्या तरी कुणी नाक मुरडत नाही. रेझिनच्या बाबतीत तसं चालत नाही. मास्टरवर बोटाचा ठसा असेल तर सिलिकॉन तो उचलतं आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक कोस्टरवर तो ठसा येतो. मास्टर मॅट असेल तर कोस्टर मॅट निघतो. चकाकी येते ती मास्टरच्या पृष्ठभागातून. महागड्या सिलिकॉनने ती वाढत नाही. लोक सिलिकॉनच्या ब्रँडवर आठवडाभर खल करतात आणि मास्टर मात्र एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) तुकड्यातून कापतात, तिथेच घोडं पेंड खातं.

माझ्या मते कोस्टरसाठी लेझरने कापलेलं अ‍ॅक्रिलिक सगळ्यात सोयीचं. ८ मिलिमीटरची शीट घ्यायची, वरचा संरक्षक कागद अगदी शेवटच्या क्षणी काढायचा. कडा लेझरने जवळजवळ पॉलिश झाल्यासारख्या येतात. थ्रीडी प्रिंट कुठल्याही आकाराला तयार असते, पण तिच्या थरांच्या रेघा घासून आणि प्रायमर मारून बुजवाव्या लागतात. त्यात एक संध्याकाळ सहज जाते. लाकूड किंवा एमडीएफ वापरायचंच असेल तर लॅकरचे हात देऊन छिद्रं पूर्ण बंद करा. काच आणि चकचकीत टाइल वरकरणी आदर्श मास्टर वाटतात, पण सिलिकॉन काचेला धरून बसू शकतं. रिलीज स्प्रे (साचा सहज सुटावा म्हणून मारायचा फवारा) किंवा व्हॅसलिनचा अगदी पातळ हात दिल्याशिवाय तिथे ओतू नका.

नाव कोरायचं असेल तर देवनागरीची स्वतःची एक अडचण आहे. अक्षर मास्टरमध्ये खोदलेलं असतं, म्हणजे साच्यात ते उंचवट्याच्या रूपात उभं राहतं. ‘श्री’ किंवा ‘क्ष’मधल्या बारीक रेषा सिलिकॉनमध्ये कागदासारख्या पातळ भिंती होतात आणि पाच-सहा कोस्टर काढेपर्यंत त्या फाटतात. रेघ दीड मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, खोली दीड ते दोन मिलिमीटर पुरे, आणि जाड, मोकळ्या वळणाचा फॉन्ट निवडा. अक्षर उलटं कोरायची गरज नसते. सरळ मास्टरवरून उलटा साचा आणि उलट्या साच्यातून सरळ कोस्टर निघतो. लेझरने खोदलेला तळ धुरकट येतो, त्याची काळजी करू नका, त्या खाचेत पुढे सोनेरी किंवा काळा रंग भरला जाणार आहे.

दुसऱ्या कलाकाराचा कोस्टर विकत आणून त्यालाच मास्टर करणं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं आहे. करू नका. डिझाइन नोंदवलेलं असेल तर २००० सालच्या डिझाइन्स अ‍ॅक्टखाली ते अंगाशी येऊ शकतं, आणि नोंदवलेलं नसलं तरी आपलं कर्तृत्व काय राहिलं?

टिन आणि प्लॅटिनम

साच्यासाठी मिळणाऱ्या दोन भागांच्या सिलिकॉनची दोन कुळं आहेत. एक टिनच्या उत्प्रेरकाने सेट होतं, दुसरं प्लॅटिनमच्या. डब्यावर हे ठळक लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारून घ्या, कारण पुढची बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

टिनचं स्वस्त असतं आणि मास्टरच्या बाबतीत फारसे नखरे करत नाही. पण मोजमापात फसवतं. आपल्याकडच्या अनेक टिन सिलिकॉनमध्ये १०० ग्रॅमला २ ते ५ ग्रॅम हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) घालायचा असतो. १३० ग्रॅमला ३ टक्के म्हणजे ३.९ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने मोजतो, म्हणजे एका ग्रॅमची चूक झाली की हार्डनर पाव हिश्शाने इकडे किंवा तिकडे. कमी पडला तर साचा चिकट राहतो, जास्त झाला तर ओतता ओतताच घट्ट व्हायला लागतो. सोनाराच्या काट्यासारखा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. अपवाद आहेत, स्मूथ-ऑन कंपनीचं ऊमू ३० टिनचं असूनही त्याचे दोन्ही भाग आकारमानाने समान घ्यायचे असतात.

टिनचं सिलिकॉन सेट होताना अल्कोहोल बाहेर टाकतं, म्हणून ते आक्रसतं. एक टक्का आक्रसलं तर १० सेंटिमीटरचा कोस्टर एक मिलिमीटरने लहान येईल. सुट्या कोस्टरला त्याने काही बिघडत नाही. पण लाकडी स्टँडच्या खाचेत कोस्टर बसवायचा असेल किंवा दोन रंगांचे तुकडे एकमेकांत अडकवायचे असतील तर फटी दिसतात. साचा मास्टरवरून सोडवल्यावर निदान एक दिवस तसाच उघडा ठेवा. अल्कोहोल उडून जाण्याआधी घाईने ओतलेलं रेझिन पृष्ठभागावर रुसतं.

प्लॅटिनमचं जवळजवळ आक्रसत नाही, ०.१ टक्क्याच्याही आत. भाग बरेचदा समान, त्यामुळे नवख्या हाताला मोजणं सोपं. उदाहरणार्थ त्याच कंपनीचं मोल्ड स्टार १५ मिसळल्यावर ओतायला सुमारे ५० मिनिटं देतं आणि चार तासांत निघतं. साचा वर्षानुवर्षं टिकतो, तर टिनचा साचा नुसता कपाटात ठेवला तरी हळूहळू कोरडा आणि ठिसूळ होत जातो.

मग सगळ्यांनी प्लॅटिनमच का घेऊ नये? कारण ते सोवळ्यातलं आहे. गंधक, टिन, अमाइन नावाची रसायनं यांचा विटाळ झाला की ते सेटच होत नाही. तेलकट मॉडेलिंग क्लेमध्ये अनेकदा गंधक असतं. लेटेक्सच्या हातमोज्यांमुळेही गडबड होते, नायट्राइलचे घाला. द्रव रेझिनच्या प्रिंटरवरून नुकतीच निघालेली थ्रीडी प्रिंट तर हमखास दगा देते. ज्या भांड्यात काल टिनचं कालवलं त्यात आज प्लॅटिनमचं कालवू नका. अशा वेळी साचा वरून व्यवस्थित रबरासारखा लागतो आणि मास्टरला लागून मात्र गुळाच्या काकवीसारखा चिकट थर राहतो. तो थर महिनाभर थांबलात तरी सुकत नाही. म्हणून मास्टरच्या मागच्या बाजूला आधी एक थेंब लावून बघायचा. थेंब कोरडा निघाला तरच पुढे जायचं.

हवामानाचाही यात हात आहे. टिनच्या सिलिकॉनला हवेतला ओलावा लागतो, त्यामुळे कोकणातल्या आषाढात ते लवकर आवळतं. प्लॅटिनमचं ओलाव्यापेक्षा तापमान बघतं. विदर्भातल्या मे महिन्यात डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्म्या वेळेतच ते हातातून जाऊ शकतं. तिथे पहाटे काम करावं.

मी काय निवडेन? मास्टर अ‍ॅक्रिलिकचा असेल आणि साचा वीसपेक्षा जास्त वेळा वापरायचा असेल तर प्लॅटिनम. मास्टर माती, लाकूड किंवा कसलीतरी अज्ञात वस्तू असेल, किंवा आकार जमतोय का एवढंच बघायचं असेल, तर टिन. तेव्हाही रिलीज नीट मारून.

तिसरा एक जुगाड व्हिडिओंमध्ये फार फिरतो. बाथरूमच्या फटी बुजवायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कॉर्नफ्लॉरमध्ये मळायचं आणि मास्टरवर थापायचं. साचा होतो, आणि खरंच लवकर होतो. पण तो थापलेला असल्यामुळे बारकावे नीट येत नाहीत आणि चकाकी नसतेच. खडबडीत कडांचा तुकडा काढायला ठीक. खिडक्या मात्र उघड्या ठेवा.

ओतताना

मास्टर तळाला दुहेरी टेपने पक्का चिकटवा, नाहीतर सिलिकॉन खाली शिरतं आणि मास्टर तरंगायला लागतो. भोवती कडं म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा प्लॅस्टिकच्या डब्याची कापलेली भिंत चालते. सिलिकॉन मास्टरवर थेट न ओतता कोपऱ्यातून, वितभर उंचीवरून, सुतासारख्या बारीक धारेने सोडा. धार पातळ झाली की बुडबुडे वाटेतच फुटतात. अक्षरं असतील तर आधी ब्रशने एक पातळ थर खाचांत भरून घ्या. व्हॅक्यूम पंप असेल तर उत्तम, पण कोस्टरसारख्या सपाट कामाला त्याच्यावाचून अडत नाही. एकच गोष्ट विसरू नका, साचा पाणसळ लावून सेट करा आणि ठेवतानाही सपाट ठेवा. वाकडा ठेवलेला साचा वाकडे कोस्टर देतो आणि मग कप डगमगतो.

साचा कुठलाही असो, एपॉक्सी (कोस्टरचं रेझिन) त्याला हळूहळू खातं. आधी चकाकी जाते, मग कोस्टर सोडवताना ओढ लागायला सुरुवात होते. आयत्या साच्यांचंही हेच होतं. फरक इतकाच की मास्टर तुमच्याकडे असेल तर नवा साचा दुसऱ्या दिवशी तयार. घरच्या साच्याचा खरा फायदा मला इथे दिसतो.

जाता जाता, उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ठेवल्यावर कोस्टरवर वळ उठला तर साच्याला बोल लावू नका. बरीच एपॉक्सी रेझिनं ५०-६० अंशांनाच मऊ पडायला लागतात. जास्त उष्णता सोसणारं रेझिन घ्या.

ऑर्डर घेणार असाल तर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रेझिनचे कोस्टर वाण म्हणून द्यायची चाल आता बरीच रुळली आहे. समजा ५१ कोस्टरची ऑर्डर आली आणि प्रत्येकावर कुयरी हवी आहे. आयता साचा नाही, म्हणजे बनवणं आलं. जानेवारीत पुण्या-नाशिकच्या थंडीत रेझिन २४ तासांऐवजी दीड दिवस घेतं असं धरा. एकाच साच्यावर साडेशहात्तर दिवस लागतील. सहा साचे असतील तर नऊ फेऱ्या, म्हणजे साडेतेरा दिवस. त्यावर कडा घासणं, रंग भरणं आणि बांधणीचे दोन-तीन दिवस.

सहा साच्यांना सिलिकॉन लागेल पाऊण किलोपेक्षा थोडं जास्त, एक किलो आणा. मास्टर एकच असेल तर दिवसाला एकच साचा निघेल. त्यापेक्षा लेझरवाल्याकडून तीन कापून घ्या, दोन दिवसांत सहा साचे होतात, आणि इथे प्लॅटिनमच घ्या म्हणजे एक दिवस उघडं ठेवण्याची वाट बघावी लागत नाही. सगळं धरून अठरा-एकोणीस दिवस. १४ जानेवारीला कोस्टर हातात हवे असतील तर २५ डिसेंबरच्या आत पहिलं सिलिकॉन ओतलेलं असलं पाहिजे. उशीर झालाच तर ऑर्डर देणाऱ्या ताईंना विचारून बघा, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं.