सशाचा सांगाडा की बोकडाची कवटी?

सोलापुरात पदवीला प्राणिशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे सस्तन प्राण्यांची हाडे शिकण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे प्रयोगशाळेच्या काचेच्या पेटीतला सशाचा जोडलेला सांगाडा, आणि दुसरा म्हणजे मटणाच्या दुकानातून मुंडी आणून घरी साफ केलेली बोकडाची कवटी.

पाठीचा कणा शिकायचा असेल, तर सशाला पर्याय नाही. मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ७ मणके ओळीने मोजता येतात. त्यांपैकी मानेचा सातचा आकडा, स्लॉथ (झाडाला लटकणारा संथ प्राणी) आणि मॅनाटी (पाण्यात राहणारा सस्तन प्राणी) वगळता, जिराफापर्यंत कायम राहतो. सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे खुंटीसारखे आणखी दोन बारीक दात असतात, आणि उंदरा-खारींपासून वेगळा काढून त्याला लॅगोमॉर्फा गणात ठेवण्याचे ते एक ठळक कारण आहे. अडचण एवढीच, की तारेने बांधलेला सांगाडा हातात फिरवता येत नाही आणि हे दात पेटीबाहेरून क्वचितच दिसतात.

बोकडाची कवटी मात्र हाताळता येते, आणि माझ्या मते आकलनासाठी तीच सरस ठरते. तिच्या वरच्या जबड्याला पुढे दातच नसतात. जिवंतपणी तेथे कडक हिरडी असते आणि खालचे दात तिच्यावर दाबून पाला तोडला जातो. खाली पुढे आठ दात दिसतात, पण त्यांतले कडेचे दोन हे मुळात सुळे असून त्यांनी पटाशीच्या दातांचे रूप घेतले आहे. दाढांवरून बोट फिरवले की चंद्रकोरीच्या आकाराच्या कडा जाणवतात. जबड्याचा सांधा दातांच्या रांगेपेक्षा बराच वर असतो. प्रयोगशाळेतल्या कुत्र्याच्या कवटीत तो जवळपास दातांच्याच पातळीत दिसतो, आणि रवंथ करणारा व मांस कापणारा यांतला फरक तेथेच उमगतो. शिवाय त्याच दुकानात पाया मिळतो: तळव्यातले तिसरे व चौथे हाड जुळून झालेली त्यातली लांब नळी पाहिली, की समखुरी (जोडखुरांच्या प्राण्यांचा) गण पाठ करावा लागत नाही.

वर्गीकरणाच्या दृष्टीने ससा बोकडापेक्षा माणसाला जवळचा आहे, हे बाह्य रूपावरून कोणालाही पटणार नाही.

परीक्षा तोंडावर असेल तर आधी सशाकडे वळावे. वेळ हाताशी असेल तर मुंडी आणावी, मात्र ती न फोडता अख्खी मागावी, कारण भेजा काढण्यासाठी ती बहुधा फोडूनच दिली जाते. कोवळ्या बोकडात दुधाचे दात असतात आणि शेवटची दाढ आलेली नसते, त्यामुळे ३२ दातांचे सूत्र जुळत नाही. म्हणून मोठ्या वयाचे, निदान चारदाती (पुढचे चार पक्के दात आलेले) जनावर पाहावे. मंद आचेवर उकळल्यास मांस सुटते, तर ब्लीचिंग पावडरने हाड भुसभुशीत होते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटाची कवटी दिसली, तरी ती उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो.