गार्ड पासिंगचा 12 आठवड्यांचा वर्ग : तालमीतून आलेल्या विद्यार्थ्याचा अभिप्राय

पाठ जमिनीला टेकली की कुस्ती संपली, हे तालमीत वाढलेल्या माणसाच्या अंगात लहानपणापासूनच भिनलेले असते. ब्राझीलियन जिऊ-जित्सूत मात्र पाठीवर पडलेला खेळाडू दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेभोवती गुंफून तिथूनच गळा आवळू शकतो किंवा कोपराला ताण देऊ शकतो. या पायांच्या पकडीला गार्ड म्हणतात आणि ते पाय ओलांडून वरच्या खेळाडूने बाजूला पोहोचणे म्हणजे गार्ड पास करणे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत खाली पाडण्याला 2 गुण आहेत, तर गार्ड पास करून ती स्थिती 3 सेकंद टिकवण्याला 3. पट काढून जोडीदाराला पाडण्यात मला अडचण नव्हती, परंतु पुढे त्याच्या पायांतच अडकून पडत असे. म्हणून पुण्यातील एका अकादमीने केवळ या विषयासाठी घेतलेल्या वर्गात मी नाव नोंदवले.

पहिले तीन आठवडे फक्त क्लोज्ड गार्ड, म्हणजे पाठीमागे घोटे अडकवून बंद केलेली पायांची पकड, उघडण्यावर गेले आणि ते सार्थकी लागले. माझी पहिली चूक अशी की, जोर लावून पुढे रेटताना मी एक हात मॅटवर टेकवत असे; माझ्यापेक्षा वीसेक किलोंनी हलक्या जोडीदाराने त्याच क्षणी माझा दुसरा हात आत ओढून मानेभोवती पायांचा ट्रायंगल आवळला. प्रशिक्षकांनी सराव थांबवून माझी कोपरे फासळ्यांजवळ आणली, एका मुठीत जोडीदाराच्या गीच्या, म्हणजे सरावाच्या जाड अंगरख्याच्या, दोन्ही कडा छातीवर दाबून धरायला लावल्या आणि दुसऱ्या हाताने त्याची बाही कमरेशी जखडून ठेवायला सांगितली. उठताना आधी त्याच बाजूचा पाय रोवायचा, कारण बाही अडकलेला हात तो घोटा पकडू शकत नाही. हे कारण कळल्यानंतर तो क्रम पुन्हा विसरला गेला नाही. मान खाली घालून घुसण्याची आखाड्यातली सवय इथे थेट गिलोटिनमध्ये, म्हणजे समोरून हाताने गळा आवळणाऱ्या पकडीत, नेते, हेही त्यांनी माझ्यासाठी वेगळा वेळ काढून दाखवले.

त्यानंतरचे तोरेआंदो आणि नी कट (गुडघा पायांमधून तिरका सरकवून केलेला पास) हे दोन पास उत्तम शिकवले गेले. तोरेआंदोत गुडघ्यांजवळ विजार धरून पाय एका बाजूला ढकलायचे आणि आपण दुसऱ्या बाजूने फिरायचे, एवढे कोणीही सांगते. पण पाय ओलांडल्याबरोबर खांद्याचा भार छातीवर आणि हात कमरेशी आला नाही, तर खालचा खेळाडू हातांची फ्रेम, म्हणजे अंतर राखणारा आडवा टेका, लावून, कंबर मागे सरकवून पुन्हा गार्डमध्ये येतो, यावर त्यांनी संपूर्ण आठवडा दिला. प्रत्येक सत्राच्या शेवटी तीन मिनिटांच्या फेऱ्या गार्डमधूनच सुरू होत आणि पास, स्वीप (खालच्याने वरच्याला उलटवणे) किंवा टॅप (थाप मारून हार मानणे) झाला की पुन्हा तिथूनच आरंभ होई. माझ्यात खरा बदल या फेऱ्यांनी घडवला.

हाफ गार्ड, म्हणजे वरच्याचा एकच पाय खालच्याच्या पायांत अडकलेली स्थिती, घाईने उरकला गेला. क्रॉसफेस (हाताने व खांद्याने त्याचा चेहरा बाजूला दाबणे) आणि अंडरहूक (त्याच्या काखेखालून हात घालणे) दोन्ही मिळवल्याखेरीज अडकलेला पाय सोडवायला जाऊ नये, एवढे सांगून विषय पुढे सरकला. प्रत्यक्ष स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, निम्मा वेळ तिथेच जात असताना हे फारच अपुरे आहे. खालच्या खेळाडूची बाजू, म्हणजे गुडघा आणि कोपर जवळ ठेवून गार्ड टिकवणे, अखेरच्या आठवड्यापर्यंत आलीच नाही. त्यामुळे सरावात वरच्याला पुरेसा विरोध होत नसे आणि पास सोपे वाटत.

माझी गंभीर तक्रार स्टॅक पासबद्दल आहे. यात खालच्याचे दोन्ही पाय खांद्यांवर घेऊन त्याला त्याच्याच मानेवर दुमडतात. वजनात मोठा फरक असलेल्या नवख्या जोड्यांना हा पास पूर्ण जोराने करू दिला गेला आणि माझ्या एका सहकाऱ्याची मान आठवडाभर आखडली. मानेवर भार जाणवताच टॅप करावा आणि वरच्याने कंबर आधी बाजूला वळवावी, ही सूचना त्या प्रसंगानंतर दिली गेली; ती सरावाच्या आधी मिळायला हवी होती.

किमान सहा महिने मॅटवर काढलेल्या आणि गार्डमध्ये अडकून पडणाऱ्या खेळाडूंना, विशेषतः कुस्तीतून आलेल्यांना, मी हा वर्ग जरूर सुचवेन. अगदी नवख्यांनी आधी नेहमीच्या वर्गात खालून निसटणे शिकून घ्यावे. मी पुढच्या तुकडीसाठी पुन्हा नाव दिले आहे आणि हाफ गार्डला दोन आठवडे द्यावेत, असे लेखी कळवले आहे.