हॉटेल ते विमानतळ, सामायिक शटलने: एका सेवेचे परीक्षण

हॉटेलच्या स्वागतकक्षातून आरक्षित करता येणाऱ्या सामायिक शटलचे भाडे ऐकले की ही टॅक्सीचीच स्वस्त आवृत्ती असावी असा समज होतो, आणि या सेवेबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच समजात असते. टॅक्सीत आपण गाडी भाड्याने घेतो. शटलमध्ये फक्त एक आसन घेतो, आणि गाडी कधी निघेल, कोणत्या रस्त्याने जाईल, वाटेत किती वेळा थांबेल हे ठरवण्याचा हक्क कंपनीकडे सोपवतो. भाड्यात मिळणारी सवलत हा त्या हक्काचा मोबदला आहे. म्हणून मी वापरलेली सेवा दोनच निकषांवर तपासली: हाती आलेला आपला वेळ कंपनीने कसा वापरला, आणि त्याबद्दल आपल्याला किती सांगितले. पहिल्या निकषावर ती चांगलीच उतरली. दुसऱ्यावर तिला बरेच काम करावे लागेल.

शटल या एकाच नावाखाली तीन वेगळ्या सोयी खपवल्या जातात, त्यामुळे आधी एवढे स्पष्ट करायला हवे की हे परीक्षण कोणत्या सोयीचे आहे. विमानतळाजवळच्या काही हॉटेलांची स्वतःची गाडी ठरलेल्या वेळापत्रकाने फेऱ्या मारते आणि ती बहुधा भाड्यातच धरलेली असते. दुसरी सोय म्हणजे ठरलेल्या मार्गाने आणि ठरलेल्या थांब्यांवरून जाणारी विमानतळ बस. तिसरी, म्हणजे येथे जिचा विचार केला आहे ती, वेगवेगळ्या हॉटेलांच्या दारातून प्रवासी गोळा करत जाणारी छोटी व्हॅन. या तिसऱ्या प्रकारात हॉटेल केवळ मध्यस्थ असते. गाडी, चालक आणि वेळेचे गणित हे सारे बाहेरच्या कंपनीचे असते. स्वागतकक्षातील कर्मचारी कितीही अगत्याने व्हाउचर हाती देवो, गाडी आली नाही तर तो कंपनीला फोन लावण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. व्हाउचरच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला कंपनीचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवलेला बरा, कारण पहाटे त्या जागी बसलेली व्यक्ती बहुधा आरक्षण करून देणारी नसते.

आरक्षणाच्या वेळी उड्डाणाच्या वेळेबरोबरच फ्लाइट क्रमांकही विचारला गेला, ही चांगली खूण होती. मोठ्या विमानतळांवर टर्मिनल एकमेकांपासून इतकी दूर असतात की चुकीच्या टर्मिनलवर उतरलेल्या प्रवाशाला सामानासह दुसरी बस किंवा रेल्वे पकडावी लागते, आणि केवळ विमान कंपनीच्या नावावरून टर्मिनल नेहमी कळत नाही. एकाच विमानातील आसने दोन-तीन कंपन्या आपापल्या क्रमांकाने विकतात. प्रवाशाने मात्र प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीच्या टर्मिनलवर जायचे असते. ई-तिकिटावर विमान कोणती कंपनी चालवणार हे बारीक टाइपात लिहिलेले असते आणि शटलवाल्यांना तेच नाव द्यावे लागते. आमच्या आरक्षणाच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकाना होता. इतकी साधी गोष्ट अनेक ठिकाणी नसते.

निघण्याची वेळ मात्र प्रवासी ठरवत नाही. ती आदल्या संध्याकाळी कंपनीकडून येते, आणि ती पाहून प्रथम कपाळाला आठ्या पडतात. ही वेळ उलट्या क्रमाने मोजलेली असते. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी 3 तास आणि देशांतर्गत उड्डाणासाठी 2 तास आधी विमानतळावर पोहोचावे असा सर्वसाधारण सल्ला असतो. अनेक कंपन्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे चेक-इन सुटण्याच्या 60 मिनिटे आधी बंद करतात आणि बोर्डिंग गेट त्यानंतर सुटण्याच्या 15 ते 20 मिनिटे आधी. या वेळेतून रस्त्याचा वेळ वजा होतो, मग इतर हॉटेलांपुढच्या थांब्यांचा, आणि शेवटी वाहतूक तुंबण्याच्या भीतीपोटी आणखी थोडा. गाडीत निरनिराळ्या विमानांचे प्रवासी असल्याने ज्याचे विमान सर्वांत आधी सुटणार, त्याची वेळ सर्वांना लागू होते. समजा, एकाचे आंतरराष्ट्रीय विमान सकाळी 9 वाजता आहे आणि दुसऱ्याचे 11 वाजता. पहिल्याला 6 वाजता पोहोचवायचे म्हणून दुसराही 6 वाजता, म्हणजे तब्बल 5 तास आधी पोहोचतो. आणि त्याच्या कंपनीचा सामान घेण्याचा काउंटर उड्डाणाआधी 3 तासच उघडणार असेल, तर पुढचे 2 तास त्याला मोठी बॅग शेजारी उभी करून बाकावर काढावे लागतात. आरक्षण करताना भाड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा आहे: एका गाडीत किती अंतराने सुटणाऱ्या विमानांचे प्रवासी बसवता? आमच्या गाडीत सर्वांची उड्डाणे जवळजवळच्या वेळांची होती. हे योगायोगाने घडत नाही. त्यासाठी कंपनीकडे पुरेशा गाड्या आणि नीट यादी करणारा माणूस लागतो, आणि या सेवेचा सर्वांत मोठा गुण मी यालाच मानतो.

वेळेची दुसरी वाटणी गाडीत होते. पाच हॉटेलांतून प्रवासी घ्यायचे असतील आणि प्रत्येक ठिकाणी दार उघडणे, बॅगा चढवणे, नाव तपासणे यात 5 मिनिटे गेली, तर पहिल्या हॉटेलच्या प्रवाशाचे पुढच्या चार थांब्यांवर 20 मिनिटे जातात, आणि त्यात आडवळणाचा रस्ता धरलेलाच नाही. पाच थांब्यांचे क्रम तसे 120 प्रकारे लावता येतात, पण व्यवहारात विमानतळापासून सर्वांत दूरचे हॉटेल आधी आणि सर्वांत जवळचे शेवटी हाच क्रम बहुधा निघतो. म्हणजे ज्याला मुळातच लांब जायचे आहे, त्याच्याच वाट्याला सर्वाधिक थांबे येतात. यात अन्याय आहे का? आहे, पण तो भूगोलाचा आहे, आणि कंपनीने आरक्षण करतानाच अंदाजे प्रवासकाळ सांगितला असता तर तो सहजपणे स्वीकारता आला असता. आम्हाला केवळ निघण्याची वेळ सांगितली गेली, पोहोचण्याची नव्हे. गाडी विमानतळाच्या विरुद्ध दिशेला वळली तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी घड्याळाकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर एका ओळीच्या माहितीने टळली असती.

माहितीची खरी उणीव मात्र त्याआधी, गाडीची वाट पाहताना जाणवली. सामायिक शटलमध्ये नेमकी वेळ दिली जात नाही; 15-20 मिनिटांचा पट्टा दिला जातो, आणि त्या पट्ट्यात प्रवाशाने सामानासह दाराशी तयार असावे, गाडी काही मिनिटेच थांबेल, अशी अट असते. अट योग्यच आहे, कारण एकाने खोलीतून उतरायला घेतलेला वेळ बाकीच्या सर्वांच्या हिशेबातून जातो. परंतु अशी अट घालणाऱ्याने गाडी कुठवर आली हे सांगण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. आमची गाडी पट्ट्याच्या अगदी शेवटी आली. नियमाने पाहिले तर ती वेळेवरच होती. पण तोवर ना संदेश, ना फोन. चौकशी केली तेव्हा कळले की कंपनी गाडी निघाल्याचा संदेश पाठवते, मात्र आरक्षण हॉटेलमार्फत झाल्याने नोंदीत हॉटेलचाच क्रमांक होता, आणि आमचे सर्व संदेश स्वागतकक्षाच्या फोनवर जाऊन पडले होते. दोष हॉटेलचा की कंपनीचा, हा वाद घालण्यात अर्थ नाही. अर्जात प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल क्रमांक सक्तीचा केला की प्रश्न मिटतो. तोपर्यंत आरक्षण करताना आपला क्रमांक, देशाच्या कोडसह, आग्रहाने लिहून घ्यावा. मोठ्या हॉटेलला दोन-तीन प्रवेशद्वारे असतात आणि उंच व्हॅन प्रत्येक पोर्चखाली शिरू शकत नाही, म्हणून गाडी नेमकी कोणत्या दाराशी लागणार हेही त्याच वेळी विचारलेले चांगले.

गाडीविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही: स्वच्छ होती, वातानुकूलन चालू होते, प्रत्येक आसनाला सीटबेल्ट होता. लिहिण्यासारखे आहे ते सामानाचे. अशा व्हॅनमध्ये पुष्कळदा चालकाखेरीज 8 आसने असतात. युरोपीय संघात तर साध्या मोटारीच्या परवान्याची मर्यादाच चालकाशिवाय 8 प्रवासी इतकी आहे. आता प्रत्येकाने अनेक विमान कंपन्या मान्य करतात तशी 23 किलोंची एक मोठी बॅग आणि 7 किलोंची एक हातातली बॅग आणली, तर 8 जणांचे सामान 240 किलो होते. वजन गाडी सहज ओढते. जागाच पुरत नाही. म्हणूनच एक मोठी आणि एक छोटी बॅग ही मर्यादा कागदापुरती नसते, आणि जास्तीची बॅग, सायकलचे खोके, वाद्य किंवा घडीची बाबागाडी असेल तर ते आरक्षणातच नोंदवावे लागते. आमच्या चालकाने प्रत्येकाला कोणत्या टर्मिनलवर उतरायचे हे विचारून घेतले आणि शेवटी उतरणाऱ्यांच्या बॅगा आत, आधी उतरणाऱ्यांच्या दाराकडे अशा रचल्या. त्यामुळे उतरताना कोणाच्या बॅगेसाठी इतरांच्या बॅगा रस्त्यावर मांडाव्या लागल्या नाहीत. त्याचे हे काम पाहताना समाधान वाटत होते. पासपोर्ट, औषधे आणि फोन मात्र डिकीतल्या बॅगेत ठेवू नयेत, कारण प्रत्येक थांब्यावर डिकी उघडते आणि सारखी दिसणारी काळी बॅग चुकून दुसऱ्याच्या हाती जाणे अगदी शक्य असते.

भाड्याचा हिशेब माणसांच्या संख्येवर फिरतो. शटलचे भाडे डोईमागे असते, टॅक्सीचे गाडीमागे. एकट्या प्रवाशाला शटल स्पष्टपणे परवडते. दोघांना फरक उरतो पण लक्षणीय राहीलच असे नाही. तिघे किंवा चौघे असतील तर टॅक्सीचे भाडे विभागून पाहिल्याशिवाय शटल घेऊ नये, कारण अनेकदा तेवढ्याच खर्चात थेट प्रवास मिळतो. मोबाइलवरून टॅक्सी बोलावण्याची सोय आल्यापासून या व्यवसायाचा पाया याच गणिताने हलला. अमेरिकेत निळ्या व्हॅनमुळे ओळखली जाणारी सुपरशटल ही 1983 मध्ये स्थापन झालेली कंपनी तेथील विमानतळांवर वर्षानुवर्षे दिसत असे. 2019 च्या अखेरीस तिने आपल्या व्हॅन थांबवल्या. तरीही एकटा प्रवासी, एक बॅग, दिवसाउजेडीचे विमान आणि विमानतळापासून दूर असलेले हॉटेल या स्थितीत सामायिक शटलइतका किफायतशीर दारापासून दारापर्यंतचा पर्याय मला अजून सापडलेला नाही. लहान मुले सोबत असतील तर उत्तर बदलते: मुलांचे आसन प्रत्येक गाडीत असेलच असे नाही, आणि झोपेतून उठवलेल्या मुलाला तीन-चार हॉटेलांचे पोर्च दाखवत नेणे त्याच्यावर आणि सहप्रवाशांवर सारखेच जड जाते. चाकाच्या खुर्चीसाठी उचलपट्टी असलेली गाडी बहुधा मागवूनच घ्यावी लागते, आणि त्यासाठी आदल्या संध्याकाळचा फोन पुरत नाही.

उड्डाणाची वेळ बदलली तर काय, या प्रश्नावर सेवेची बाजू कच्ची आहे. विमानतळावरून हॉटेलकडे येताना अनेक कंपन्या फ्लाइट क्रमांकावरून विमानाच्या उशिराकडे लक्ष ठेवतात. हॉटेलवरून जाताना तसे गृहीत धरता येत नाही, कारण विमान दोन तास उशिरा सुटणार असले तरी गाडीतील इतरांचे वेळेवर सुटणार असते. उड्डाण पुढे गेल्याचे कळवल्यास जागा असेल तर पुढच्या गाडीत बसवू, असे उत्तर मिळाले, आणि ते प्रामाणिक होते. रद्द करण्याची मुदत आमच्या व्हाउचरवर 24 तास होती; त्यानंतर पैसे परत नाहीत.

सर्वांत काळजीपूर्वक वाचावे असे कलम शेवटच्या पानावर होते. गाडीच्या उशिरामुळे विमान चुकल्यास कंपनीची जबाबदारी शटलच्या भाड्याच्या परताव्यापुरतीच मर्यादित राहील, असा त्याचा आशय होता, आणि अशी कलमे या व्यवसायात सर्रास आढळतात. विमान कंपनीकडूनही काही मिळत नाही. तिच्या दृष्टीने प्रवासी वेळेवर आला नाही इतकेच. मग उरतो प्रवास विमा. विमान चुकण्याचे संरक्षण अनेक विम्यांत असते, पण ते बऱ्याचदा सार्वजनिक वाहनाच्या बिघाडापुरते किंवा अपघातापुरते असते, आणि आगाऊ आरक्षित केलेली खासगी शटल त्या व्याख्येत बसते की नाही हे प्रत्येक पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून असते. म्हणून गाडी खरोखरच अडकली, तर चालकाशी वाद घालण्यापेक्षा आधी विमान कंपनीला फोन करावा, आणि उतरण्यापूर्वी किंवा त्याच दिवशी शटल कंपनीकडून उशिराचे कारण आणि वेळ लिहून घ्यावी. दावा करताना विमा कंपनी बहुधा असा लेखी पुरावा मागतेच.